उतरता बिबट्या

आदिती मगदूमनं वहीचा कागद टेबलावर ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले.

"ताई, हे काम तुमच्या हातचं आहे का?"

क्रांती टॅटूचं मशीन पुसत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि तिच्या हातातलं फडकं थांबलं.

कागदावर बॉलपेननं एक हात काढलेला होता. कोपरापासून बोटांपर्यंत, नुसता हातच. रेघा थरथरलेल्या, एकीवर एक चढलेल्या. त्या हातावर बिबट्या होता. झाडावरून उतरताना असतो तसा, डोकं खाली, पाठ ताणलेली. शेपूट कोपराभोवती गुंडाळलेली आणि पुढचा पंजा बरोबर मनगटाच्या हाडावर टेकलेला.

"न्हाय," क्रांती म्हणाली. "माझं न्हाय हे."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच दचकायला झालं.

आदितीनं कागद उचलला नाही. पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, साडीला दवाखान्याचा वास. "हे सहावं दुकान," ती म्हणाली. "सगळे नाहीच म्हणतात. जरा नीट बघा की. माझ्या भावानं काढलंय. त्याचं तोंड तारांनी बांधलंय, बोलता येत नाही त्याला. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं खुणेनं कागद मागितला आणि हे काढलं."

मग भावानं लिहून कळवलेलं सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. तिचा भाऊ वृषभ, ठिबकच्या नळ्या विकायचा. मागच्या रविवारी, दिवस मावळायच्या आधी, गडमुडशिंगीच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून घरी चाललेला. त्याच्या डोळ्यांदेखत एका पांढऱ्या गाडीवाल्यानं एका म्हातारीच्या शेळ्यांत गाडी घातली. दोन शेळ्या जागेवर मेल्या. गाडी थांबली नाही. वृषभनं शिवी दिली नाही की पाठलाग केला नाही. नुसता मोबाईल काढून गाडीचं चित्रण करायला लागला. ते आरशात दिसलं असावं. गाडी उलटी आली. तिघं उतरले, तिघांच्या तोंडाला रुमाल. त्यातल्या एकाच्या हातात लोखंडी पहार होती.

"जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डावा डोळा राहतो की जातो ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मोबाईल त्यांनी नेला. तोंडं दिसली नाहीत. मारणाऱ्याचा हात तेवढा दिसला त्याला." आदितीनं कागदावर बोट टेकवलं. "त्यानं तो हात धरलेला, ताई. दोन्ही हातांनी. म्हणून पंजा कुठं येतो ते इतकं पक्कं काढलंय त्यानं."

क्रांतीनं फडकं घडी घालून मशीनशेजारी ठेवलं.

"पोलिसांना दाखवलं मी. हवालदार म्हणाले, हातावर वाघ-सिंह असलेली माणसं ह्या शहरात गल्लीगणिक सापडतील, कुणाकुणाला धरायचं? त्यांचंही बरोबर आहे." तिनं भिंतीकडं पाहिलं. भिंतभर क्रांतीच्या कामांचे फोटो होते. डरकाळी फोडणारे वाघ, आयाळ पिंजारलेले सिंह, दोन बछड्यांना पोटाशी घेतलेली एक वाघीण. "लोक हीच जनावरं का काढून घेतात हो अंगावर?"

ह्याचं उत्तर क्रांतीनं शंभर गिऱ्हाइकांना दिलं होतं. आज तिला ते देववेना.

"आमच्याकडं महावीरांच्या मूर्तीखाली सिंह असतो," आदिती म्हणाली. "लहानपणी वृषभ विचारायचा, हा कुणाला खात का नाही?" तिनं कागदाच्या मागं स्वतःचा फोन नंबर लिहिला. "माझ्याजवळ झेरॉक्स आहेत. हा राहू दे तुमच्याकडं. काही आठवलं तर सांगा."

ती जिना उतरून गेली. क्रांतीनं दार लोटलं, कडी घातली आणि कपाटातून आपली वही काढली.

मंगळवार पेठेत, एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर क्रांतीचं हे दुकान. सात वर्षं झाली. तिचा एक नेम होता: मोबाईलवरचं चित्र दाखवून "हेच काढ" म्हणणाऱ्याला ती परत पाठवायची. आधी माणसाशी बोलायची, मग वहीत चित्र काढायची, मग अंगावर. एकच जनावर दोघांच्या अंगावर तिनं कधी काढलं नव्हतं. तोंड उघडा वाघ मागणाऱ्यात निम्मे भित्रे असतात, हे तिला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. सिंह मागणाऱ्याला घरात कुणी किंमत देत नसतं. ती बछड्यांची वाघीण एका नर्सच्या पाठीवर होती. नवऱ्याला सोडून आली त्याच आठवड्यात तिनं ती काढून घेतली आणि अडीच तासांत हूं की चूं केलं नाही. माणूस अंगावर जे जनावर काढतो ते एकतर त्याच्यात असतं किंवा त्याला हवं असतं. दोन्हींतलं कुठलं, ते ओळखायचं, एवढीच आपली कला, असं क्रांती म्हणायची.

वहीचं पान सापडलं. गेल्या ऑगस्टची तारीख. खाली नाव: विजयसिंह.

विजयसिंह गडमुडशिंगीचा. घरी म्हशी, शेती. स्वतः हमरस्त्याला जिम चालवायचा. चौतिशीचा, देखणा, आवाज कधी न चढवणारा. पेठेत त्याला सगळे विजूदादा म्हणायचे. जिममधली दहा-बारा जणं सतत त्याच्या मागं असायची आणि त्या सगळ्यांच्या हातावर वाघ होते. तोही वाघच मागायला आलेला.

"सगळ्यांच्या हातावर वाघ हाय," क्रांती तेव्हा त्याला म्हणाली होती. "त्यात तुमचं काय? वाघ सांगून येतो, दादा. आधी डरकाळी, मग वाघ. बिबट्या सांगत न्हाय. वर झाडावर हाय हे खालच्याला कळतबी न्हाय. तुमी तसलं."

तो हसला होता. "काढ मग. उतरताना काढ."

आणि तिनं मन लावून काढला होता. चार बैठका. पंजा मनगटाच्या हाडावर ठेवायची कल्पना तिचीच. मूठ वळली की तो पंजा हलायचा; जनावर पुढचं पाऊल टाकतंय असं वाटायचं. विजयसिंहनं खुर्चीत बसल्या बसल्या पाच-सहा वेळा मूठ वळून बघितली होती आणि पोरासारखा खूश झाला होता; भिंतीवर लावायला फोटो मात्र काढू दिला नव्हता.

तीच मूठ पहारीवर वळली होती तर.

संध्याकाळी क्रांती घरी गेली. घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. वडील हंबीरराव बाजेवर बसून लसूण सोलत होते. एके काळचा पैलवान माणूस, आता हृदयाच्या गोळ्यांवर. तिनं जेवायला वाढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. हंबीररावांनी लसूण खाली ठेवला.

"तू न्हाय म्हणालीस नव्हं?"

"व्हय."

"मग न्हायच ऱ्हाऊ दे."

"आबा, त्या माणसाचा डोळा जातोय."

"मला बी दिसतंय ते." म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. "दिवाळीत मी चौकात पडलतो. भवतीनं पन्नास माणसं उभी होती, बघत. त्या पोरानं मला खांद्यावर टाकलं आणि पळत गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाला, धा मिनटं उशीर झाला असता तर संपलं असतं. मी आज लसूण सोलाय लागलोय ते त्येच्यामुळं. आणि माझ्याच पोरीनं त्येला धरून द्यायचा?"

क्रांतीला ते ठाऊक होतं. दवाखान्याच्या दारात विजयसिंह रात्रभर बसला होता तेही तिनं पाहिलं होतं. एकाच माणसाच्या एकाच हाताच्या ह्या दोन गोष्टी. तिला त्या जुळवता येईनात. 

बुधवार गेला. दोन वेळा तिनं आदितीचा नंबर लावला आणि वाजायच्या आधी तोडला. गुरुवारी दुपारी फोन आला, तो विजयसिंहचा.

"क्रांती, दुकानात हाईस? येतो. एक काम हाय."

पंधरा मिनिटांत तो जिना चढून आला. एकटाच. खाली मोटरसायकलवर दोघं थांबलेले तिला खिडकीतून दिसले. मे महिन्याची दुपार, रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं, आणि विजयसिंहनं पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून घातला होता.

त्यानं दाराला आतून कडी घातली. खुर्चीत बसला. "आबा कसं हाईत?"

"बरं हाईत."

"गोळ्या टायमात घेतात का बघत जा." मग त्यानं बाही वर सारली. "हे झाकायचंय. काळं करून टाक सगळं. कोपरापासनं मनगटापर्यंत."

क्रांतीनं हात पाहिला. बिबट्याच्या पाठीवरून, मानेवरून चार लांब ओरखडे खाली गेले होते. खोल. दोनांवर खपली धरली होती, बाकीचे दोन घामानं ओले होऊन चिघळले होते. नखांचे ओरखडे. कुणीतरी हा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

 तिचा आवाज मात्र कामावरच्यासारखा निघाला. "ह्येच्यावर सुई न्हाय चालायची, दादा. जखम ओली हाय. शाई बसणार न्हाय, सडंल हात. तीन आठवडे थांबा, खपली पडू दे."

"तीन आठवडे न्हाईत माझ्याकडं."

"काय घाई हाय येवढी?"

तो तिच्याकडं बघत राहिला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मंगळवारी एक बाई आलती न्हवं इथं? कागद घेऊन?"

क्रांतीनं पंख्याचं बटण एक घर पुढं फिरवलं.

"आलती. मी म्हणालो, माझं न्हाय."

"माहीत हाय मला. पेठेतलं सगळं पोरं सांगत्यात. म्हणून तर आलो. तू आपली हाईस." त्यानं हात पुढं करून टेबलावर ठेवला, जखमा वर. "मला बी तसं करायचं नव्हतं, क्रांती. खरं सांगतो. नुसता मोबाईल काढून घ्यायचा हुता. त्यो सोडंना. हात धरून ठिवला माझा. सोड म्हणालो, सोडंचना. मग डोकं फिरलं."

तो जणू तिच्याकडून 'होतं असं' एवढं ऐकायला आला होता. क्रांतीला वाटलं, आपण आता काहीही बोललो तरी ती ह्याची बाजू ठरेल.  वळून तिनं शाईची बाटली काढली, छोट्या टोपणात काळी शाई ओतली, मशीनला नवी सुई लावली. हात चालू ठेवले की वेळ जातो आणि वेळ गेला की काहीतरी सुचतं, एवढाच विचार. सगळं मांडून झालं आणि काहीच सुचलं नाही.

"एक फोटो लागंल," ती म्हणाली. "जुन्यावर नवं काढायचं तर आधी माप लागतं."

"फोटो न्हाय." तो हसला. "आणि ती तुझी वही कुठाय? दे हिकडं."

वही टेबलावरच होती. मंगळवारपासून तिनं ती कपाटात परत ठेवलीच नव्हती. विजयसिंहनं पानं उलटली, ऑगस्टचं पान शोधलं, बघितलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. आवडती वस्तू बघताना येतं तसलं. मग त्यानं पान फाडलं, चार घड्या घालून खिशात टाकलं. त्याच्याखालीच वृषभच्या चित्राचा कागद होता. तोही त्यानं उचलला. मागचा फोन नंबर वाचला.

"आठवलं तर सांगा म्हणाली व्हय?"

"म्हणाली."

"आणि आठवलं तुला?"

क्रांतीनं मशीन खाली ठेवलं. तिनं टेबलाची कड धरली. "दादा, मी ह्या जखमांवर काम करणार न्हाय," ती म्हणाली. "आज न्हाय आणि तीन आठवड्यांनी बी न्हाय. तुमी मला काय सांगितलंसा ते मी ऐकलंय. आता मला ते न ऐकल्यागत करता यायचं न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी स्वतः जावा पोलिसात. आजच. मी येतो संगं पायजे तर. तुमी आबांना उचललंत ते बी सांगतो तिथं."

तो उठला. तिला वाटलं, आता मारतो. पण त्यानं मारलं नाही. तिचा उजवा हात मनगटात धरून टेबलावर आडवा दाबला, सहज, जिममध्ये कुणाला पकड दाखवावी तसा. दुसऱ्या हातानं मशीन उचललं. सुई शाईत बुडवली. पायानं टेबलाखालचं बटण चाचपलं आणि दाबलं.

मशीन घोंगावायला लागलं.

"ह्यो हात हाय तुझा," तो म्हणाला. "ह्याच्यावर जगतीस तू."

क्रांतीनं हात ओढला. तो तसूभरही हलला नाही. ओरडावं तर खाली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ग्राइंडर चालू होता, आणि जिन्याच्या तोंडाशी त्याची दोन माणसं. सुई तिच्या हाताच्या पाठीवर टेकली. सात वर्षं दुसऱ्यांना 'मुंगी चावल्यागत वाटंल' म्हणून सांगितलेलं. मुंगी नव्हती ती. त्यानं सुई दाबून ओढली, करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत, आडवी. कातडीखाली किती जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. काळ्यात लाल मिसळत गेलं. ती दातांवर दात धरून त्याच्या हातावरच्या बिबट्याकडं बघत राहिली. मूठ मशीनभोवती वळलेली होती आणि पंजा पुढं सरकत होता. हे आपणच शिकवलं ह्या जनावराला, तिच्या मनात आलं.

त्यानं पाय उचलला. मशीन थांबलं.

"आता तुझ्या बी हातावर माझं काम हाय," तो म्हणाला. धाप त्यालाच लागली होती. "पुढच्या टायमाला बोटं ठिवणार न्हाय मी. आबांना सांग, इजू येऊन गेला."

कडी निघाली. जिन्यावर पावलं वाजली. खाली मोटरसायकली चालू झाल्या आणि आवाज लांब गेला.

क्रांतीनं नळाखाली हात धरला. पाणी काळं-लाल होऊन वाहत होतं. ती रडली नाही. रडू नंतर आलं, दोन दिवसांनी, भाजी निवडताना. आत्ता तिला एकच हिशेब सुचत होता: नखांचे ओरखडे दिवसागणिक भरत जातील. आजचे आज कुणी पाहिले तर पाहिले. फोन नंबरचा कागद त्यानं नेला होता. पण दोनदा लावून तोडलेला तो नंबर तिच्या मोबाईलमध्ये होता.

"आदितीताई, मी क्रांती. मंगळवार पेठेतली. तुमाला मी खोटं सांगितलं. कुठं हाईसा तुमी?"

चार वाजता दोघी पोलीस ठाण्यात होत्या. आदितीनं क्रांतीच्या हाताला दवाखान्यातली पट्टी बांधली होती आणि 'खोटं का बोललात' हे एका शब्दानं विचारलं नव्हतं. समोरच्या महिला अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पान त्यानं फाडून नेलं म्हणता. मग पुरावा काय?"

"कागद द्या," क्रांती म्हणाली.

पट्टी बांधलेल्या हातात पेन्सिल धरताना कळ डोक्यापर्यंत गेली. तरी तिनं काढलं. आधी हात, मग पाठीची रेघ, मग एकेक ठिपका. मानेवर कुठला ठिपका तुटका ठेवला होता, कुठं जुना तीळ लपवायला दोन ठिपके जोडले होते, सगळं. पाऊण तास लागला. मग लाल पेन मागून तिनं त्यावर चार ओरखडे काढले, ज्या जागी पाहिले होते त्याच जागी. आदितीनं पर्समधून वृषभच्या चित्राची झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. अधिकारी बाई दोन्ही कागद खूप वेळ बघत राहिली. मग तिनं फोन उचलला.

"तिळाचं लिहून घ्या," ती शेजारच्या शिपायाला म्हणाली. "आणि गाडी काढायला सांगा."

विजयसिंहला त्याच संध्याकाळी जिममधून उचललं. पूर्ण बाह्यांचा शर्ट तेव्हाही अंगात होता. डॉक्टरांनी ओरखड्यांची नोंद केली, ठिपक्यांखालचा तीळ सापडला, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघांतला एक जण स्वतःहून बोलायला लागला. पांढरी गाडी एका गोठ्यामागं ताडपत्रीखाली मिळाली. वृषभचा डोळा मात्र वाचला नाही.

हंबीरराव तीन दिवस लेकीशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तिच्या हातावरची पट्टी सुटली होती, ती त्यांनी बघितली, उठून हळद-तेल गरम करून आणलं आणि बोटानं लावलं. "लई खोल गेलीया," एवढंच म्हणाले. त्यानंतर रोज दुकानाच्या जिन्याशी खुर्ची टाकून बसायला लागले. छातीचं दुखणं असलेला म्हातारा कुणाला अडवणार होता, पण बसायचे.

दुकानाच्या पायऱ्यांवर कुणीतरी काळं ऑइल ओतून गेलं. फोनवर शिव्या आल्या. जिमच्या पोरांतलं कुणी आता येणार नव्हतंच. पण बाकीचीही गिऱ्हाइकं आटली. नावं टाकायला, मोरपीस काढायला कॉलेजातल्या मुली तेवढ्या यायच्या. वाघ मागायला जूनभर कुणी आलं नाही. आलं असतं तर आपण काय बोललो असतो, ते क्रांतीलाही ठाऊक नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला, एका सकाळी, जिना कुणीतरी फार सावकाश चढतंय असं तिला ऐकू आलं. दारात साठीपलीकडची बाई उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात रिकामी किटली, कपाळावर, हनुवटीवर जुनं हिरवं गोंदण. धाप लागलेली.

"तूच व्हय ती गोंदणारी?" बाई म्हणाली. "मी इजयसिंहाची आई. चिमणाबाई."

क्रांती उठून उभी राहिली. खुर्ची पुढं केली. चिमणाबाई बसली नाही. भिंतीवरचे फोटो एकेक करून बघत गेली.

"वाघ-शिव्ह तुमी काढता," ती म्हणाली. "आणि जेलात पोरं आमची जात्यात."

 क्रांतीनं तांब्याभांडं पुढं केलं. बाईनं पाणी घेतलं नाही.

"तेनं वाघ मागितलता, असं तू पोलिसांत सांगितलंस म्हणं. वकिलानं वाचून दावलं मला. मग बिबट्या का काढलास?"

"मी सुचवला, मावशी. तेंच्याशी बोललो, तवा मला वाटलं, ह्यो माणूस तसला हाय. शोभंल तेला."

"शोभंल." चिमणाबाई खुर्चीच्या पाठीला धरून वळली. "दोन घटका बोलून तुला कळलं तेच्यात काय हाय ते. मी चौतीस वर्सं वागवला, मला न्हाय कळलं." तिचा आवाज चढला नाही; लेकासारखाच मऊ आवाज. "आमच्या गोठ्यात बिबट्या शिरलता. इजू आठ वर्साचा. रेडकू नेलं. हे पोरगं त्या रेडकापाय दोन दिस जेवलं न्हाय. शेताच्या बांधावर जाऊन बसायचं, परत येतंय का बघत. ते सांगितलं का तेनं तुला?"

"न्हाय."

"मग काय बोललासा दोघं?"

क्रांतीला सगळं आठवत होतं. वाघ सांगून येतो, बिबट्या सांगत न्हाय. केवढी ऐट होती तेव्हा त्या वाक्याची. तिनं विचारायला हवं होतं, तुम्ही कधी बिबट्या बघितलाय का. एवढं साधं. तिनं विचारलं नव्हतं. स्वतःच सांगून मोकळी झाली होती.

"मी इचारलं न्हाय, मावशी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

चिमणाबाईचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं. आडवी काळी रेघ, मध्ये मध्ये जाड झालेली, कातडी वर आलेली. म्हातारीनं किटली खाली ठेवली आणि तो हात स्वतःच्या हातात घेतला. म्हशींच्या धारा काढून काढून खरबरीत झालेला अंगठा त्या रेघेवरून एकदा फिरवला.

"हे तेनं केलं?"

"व्हय."

 चिमणाबाईनं हात सोडला, किटली उचलली. "तू केलंस ते बरं केलंस, असं मी म्हणणार न्हाय," ती म्हणाली. "मी आई हाय. त्या डोळा गेलेल्या पोराच्या बी आईकडं जाऊन आलो सकाळी. तिनं मला घरात घेतलं. काय बोलायचं ते दोघींला बी कळंना. तिनं च्या केला, मी प्यालो, आलो."

जिना उतरताना तिचे गुडघे भरून आले. क्रांतीनं दंडाला धरलं आणि एकेक पायरी तिला खाली आणलं. हंबीरराव खुर्चीवरून उठून बाजूला झाले. त्यांनी बाईला ओळखलं, हात जोडले. चिमणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली.

"थांब्यापातूर सोडू का गाडीवर?" क्रांतीनं विचारलं.

"बसता येत न्हाय मला त्या गाडीवर."

मग दोघी चालतच थांब्यापर्यंत गेल्या.  पेठेतली ओळखीची माणसं बघत होती. गडमुडशिंगीची बस यायला अर्धा तास होता. चिमणाबाई कठड्यावर टेकली आणि किटली मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत राहिली. तिनं 'जा' म्हटलं नाही. क्रांती शेजारी बसली.